नामदेवरावांचे पट्टे, माझं भाषांतर

नामदेवराव,

मी तुमच्याशी एकदाच खोटं बोलले, असं म्हणता आलं असतं तर हे लिहिणं सोपं झालं असतं. तसं नाही. आधी एकदा बोलले, मग ते झाकायला पुन्हा बोलले. आणि सगळं उघडं पडल्यावर तुम्ही समोर बसून सरळ प्रश्न विचारलात, तेव्हाही बोलले. त्या शेवटच्या वेळी तुम्ही फक्त "बरं" म्हणालात, कप बशीत ठेवलात आणि उठलात. तुम्हाला कळलं होतं. आणि तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं होतं.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. सारिकाचा मेसेज आला तेव्हा मी गिरणीत दळणासाठी उभी होते. "बाबा गेले. सकाळी. वर्कशॉपमध्येच." मी वाचलं, फोन पिशवीत टाकला आणि तिथेच उभी राहिले. माझी ज्वारी दळून झाली, डबा घरी नेऊन ठेवला, हात धुतले आणि मग रिक्षावाल्याला हडपसर सांगितलं. असं का वागले ते मला अजून कळलेलं नाही. तिथे पोचले तेव्हा तुम्हाला नेलं होतं. पाटावर अर्धा कापलेला पट्टा होता आणि त्यावर तुमची कातडं कापायची रापी तशीच आडवी पडलेली होती. कुणी हात लावला नव्हता.

आपली ओळख सारिकामुळे. ती माझ्याकडे कॉलेजात जर्मन शिकत होती. एकदा तास संपल्यावर एक छापलेला मेल घेऊन आली. "बाई, बाबांना आलाय. मला अर्धाच कळतोय." जर्मनीतल्या एका माणसानं विचारलं होतं, चौदाशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडचे लोक कंबरेला बांधायचे तसला कातडी पट्टा करून मिळेल का. तुम्ही तेव्हा परदेशी जाणारी खोगिरं शिवणाऱ्या कारखान्यात होतात, तिथल्याच कुणाकडून तरी त्याला तुमचं नाव कळलं होतं. पुढच्या गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, तुम्ही स्वतः सहकारनगरला माझ्या घरी आलात. दारातच विचारलंत, "चौदाशे वर्षांपूर्वीचा पट्टा आता कोण घालतंय, बाई?"

मी सांगितलं, की तिकडे हौशी लोक आहेत. सुट्टीच्या दिवशी जुन्या काळचे कपडे घालून माळावर तंबू ठोकतात, चुलीवर शिजवतात, लुटूपुटूच्या लढाया करतात. कपड्याची एक शिवण जरी आताच्या काळातली दिसली, तरी एकमेकांना नावं ठेवतात.

"म्हणजे आपल्याकडं मावळे होऊन गडावर जातात तसे."

"तसेच."

"मग कळलं," तुम्ही म्हणालात. "त्यांच्यातबी फेट्याखाली मोबाईल असतोय."

तिथून अकरा वर्षं गुरुवार ठरलेला. तुम्ही स्वारगेटला बस बदलून यायचात, मी मेल उघडायचे, मोठ्यानं मराठीत वाचायचे, तुम्ही सांगाल ते जर्मनमध्ये लिहायचे. तीन वर्षांत तुम्ही कारखाना सोडलात, गाडीतळाच्या मागे पत्र्याची खोली घेतलीत, शिवायला दोघी बायका ठेवल्यात. सारिका शिकली, हिंजवडीला लागली. तिला विचारलं तर म्हणायची, "दिवसभर ऑफिसात जर्मनच बोलते हो, घरी आल्यावर नको. बाई आहेत ना." बाई होत्या. सगळा घोळ तिथेच झाला.

पण आधी चांगलं लिहिते, कारण ते पुष्कळ आहे. जमिनीखाली एवढी वर्षं पडून काय उरतं, ते तुम्ही मला शिकवलंत. कातडं कुजून जातं. बक्कल उरतं, पट्ट्याच्या टोकाची काशाची जीभ उरते, चार-दोन खिळे उरतात, आणि थडग्यातल्या हाडांशेजारी ते कुठे पडले होते त्याचं एक चित्र. तेवढ्यावरून अख्खा पट्टा उभा करायचा. कसब्यातला एक ओतारी तुम्हाला बक्कलं ओतून द्यायचा, बाकी सगळं तुम्ही करायचात. एका गिऱ्हाइकानं हट्ट धरला होता, की कातडं पाच मिलिमीटर जाड हवं. तुम्ही फोटो पाहिलात, माझ्याकडून भिंग मागून घेतलंत, आणि म्हणालात, "बक्कलामागच्या ह्या खिळ्याची मान मोजायला सांगा त्याला." साडेतीन निघाली. "मग कातडंबी साडेतीनच होतं. पाच असतं तर खिळा पुरलाच नसता." त्या गृहस्थानं एका अभ्यासकाला विचारून कळवलं, की पुण्याचे कारागीर बरोबर आहेत. मी ते वाक्य तुम्हाला दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही दुसऱ्यांदाही तितकंच लक्ष देऊन ऐकलंत.

आणि ते आपलं भांडण. मी पत्रांत 'प्रतिकृती' असा शब्द वापरायचे. तुम्ही त्याचा अर्थ विचारलात, मी म्हटलं, हुबेहूब नक्कल. तुम्हाला राग आला. "नक्कल कशी होईल? मूळचा नग कुठाय? कुजला की. जो नग कुणी पाहिलाच न्हाई, त्याची नक्कल मी कशी करीन?" मग काय लिहू, मी विचारलं. "पट्टा लिवा." पण तिकडे तसं लिहून चालत नाही, म्हणून मी प्रतिकृतीच लिहीत राहिले. दर गुरुवारी तुम्ही विचारायचात, "आजबी नक्कलच लिवलं का?" आणि मी म्हणायचे, "आजही." त्या थट्टेत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. तुम्ही एक सांगत होतात, मी दुसरं लिहीत होते, आणि ते तुम्हाला वाचता येत नव्हतं.

मग ते पत्र आलं.

भाषा अतिशय सभ्य होती. साठ पट्टे हवे होते, एकसारखे. बक्कलावर एक चक्र, त्याला बारा आरे, प्रत्येक आरा टोकाला वाकलेला. सोबत चित्र, ते मी पत्राच्या आधीच उघडलं होतं. माल तीन वेगवेगळ्या पत्त्यांवर पाठवायचा, कामाचे फोटो कुणाला दाखवायचे नाहीत. भारतीय कारागिराला ह्या चिन्हाचं पावित्र्य वेगळं सांगायची गरज नाही, असं एक गोड वाक्य. आणि शेवटी: आमच्या रक्ताची माणसं पुन्हा एकत्र येत आहेत, आमच्या जमिनीवर आम्हाला आम्हीच हवे आहोत.

तुम्ही समोर चहा पीत होतात.  मी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"काय म्हणतोय?"

"काही नाही. चौकशी आहे नुसती."

तुम्ही पुढे वाकलात. जर्मन येत नसलं तरी आकडे येत होते. "साठ दिसतंय की इथं."

"साठ दिवसांत मिळेल का, असं विचारतोय. एकाच पट्ट्याचं."

इतक्या पटकन ते माझ्या तोंडून आलं, की मीच दचकले. तुम्ही चित्राकडे बघत होतात. "चक्र छान हाय. आपल्या स्वस्तिकाच्या घरातलं दिसतंय." मग चष्मा वर केलात. "पण बाई, असली चकती तर बायकांच्या पट्ट्याला खाली लोंबायची. मागं त्या म्युझियमवाल्या बाईंसाठी केली न्हवती का? हा पुरुषाच्या बक्कलावर बसवतोय. ह्याला काय कळत न्हाई."

मी ते वाक्य धरून ठेवलं. "बघा ना. चुकीचंच मागतोय. कशाला नादी लागायचं?"

तुम्ही हसलात. तुमचंच ज्ञान मी तुमच्याविरुद्ध वापरलं आणि तुम्ही हसलात.

तुम्ही गेल्यावर मी उत्तर लिहिलं. नुसतं 'नाही' लिहायला मी घाबरले. त्या माणसाकडे तुमचं नाव होतं, तुमचा पत्ता होता, आणि हिटलरचं नाव चालवणारे हे लोक नकार कसा घेतात त्याचा मला अंदाज होता. काहीतरी असं कारण हवं होतं, की त्याला राग येणार नाही आणि तो परत विचारणारही नाही. मी लिहिलं, श्री. नामदेव यांच्या हातांना कंप सुरू झाला आहे, त्यांनी काम बंद केलं आहे. तुमच्या नावानं लिहिलं. पाठवलं. जेवले. त्या दिवशी मला वाटलं, मी तुम्हाला वाचवलं.

ते जग किती लहान आहे ते मला माहीत नव्हतं. जत्रेजत्रेत तीच माणसं भेटतात, सगळ्यांचे कारागीर सगळ्यांना ठाऊक. तिकडची थंडी सरत आली की तुमच्याकडे कामं यायला लागायची. त्या वर्षी दोन आली. पुढचे गुरुवार तुम्ही यायचात, "उघडा बघू" म्हणायचात, आणि मेल रिकामा असायचा. शिवायला येणाऱ्या दोघींना तुम्ही सध्या येऊ नका म्हणून सांगितलंत. शाळेच्या दप्तरांचे बंद शिवायला घेतलेत. एकदा विचारलंत, "बाई, आपल्या कामात काय खोट निघाली का? कुणी तक्रार केली का? असंल तर सांगा, लपवू नका."

"नाही हो. मंदी असेल तिकडे."

मग म्युझियमवाल्या बाईंचं पत्र आलं. शाळेच्या मुलांना घालून बघता यावेत म्हणून लहान मापाचे पट्टे मागवायच्या त्याच बाई. तुमच्या हातांबद्दल ऐकून फार वाईट वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. तुम्ही केलेले पट्टे मुलं रोज हाताळतात आणि एकाचीही शिवण उसवलेली नाही. असे हात थांबावेत याचं दुःख वाटतं.  काम कुणी बंद पाडलं ते त्या एका ओळीत मला कळलं. तुम्ही समोरच बसला होतात.

"कोण, आपल्या म्युझियमवाल्या बाई? काय म्हणतायत?"

"तब्येतीची चौकशी केलीय तुमच्या."

"माझ्या तब्येतीला काय झालंय?"

"सहज हो. पट्टे छान टिकलेत म्हणतायत."

तुम्ही खूश झालात. त्याच संध्याकाळी मी त्या बाईंना लिहिलं, की गैरसमज झाला होता, श्री. नामदेव उत्तम आहेत. आणखी चौघा-पाचजणांनाही लिहिलं. कुणाला पोचलं, कुणाला खरं वाटलं, देव जाणे. तुम्हाला मात्र मी काहीच सांगितलं नाही. दर गुरुवारी ठरवायचे, आज सांगायचं. तुम्ही चपला काढून आत यायचात आणि मी चहा टाकायला आत जायचे.

शेवटी ते सारिकानं शोधलं. कामं का आटली म्हणून एका रविवारी तिनं सगळे जुने मेल पहिल्यापासून वाचून काढले. दुपारी तुमचा फोन आला. "बाई, हडपसरला या. आजच या." फोनवर तुमचा आवाज इतका शांत मी कधी ऐकला नव्हता.

रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. वर्कशॉपात सारिका लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिनं मान वर केली नाही. तुम्ही मला बसा म्हणाला नाहीत, तेही पहिल्यांदाच. पाटावर कातड्याचा एक मोठा तुकडा पसरलेला होता. तुम्ही रापी उचललीत आणि त्याच्या कडेनं एक पट्टी कापायला सुरुवात केलीत. दोऱ्याएवढी बारीक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता, हात न उचलता. खोलीत तेवढाच एक आवाज होता. ती पट्टी तुम्ही दोन्ही हातांत ताणून माझ्या तोंडासमोर धरलीत.

"सांगा बाई. कंप कुठाय?"

मी हात पुढे केला, तुम्ही पट्टी मागे घेतलीत.

"माझे हात गेले असं लिवलंत तुम्ही. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

"नामदेवराव, तो माणूस चांगला नव्हता. ते चिन्ह..."

"चांगला न्हवता, मग मला सांगायचं. मी न्हाई म्हटलं असतं की. आणि नसतं म्हटलं, तरी ते मी ठरवायचं होतं. का तुम्ही?"

"मला तुमची काळजी होती."

"काळजी!" तुमचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "आमचं भलं कशात हाय ते आम्हाला न विचारता ठरवायची तुम्हा लोकांना सवयच हाय. आजपर्यंत मला वाटायचं, बाई तशा न्हाईत."

सारिका म्हणाली, "बाबा, पुरे." तुम्ही ती पट्टी पाटावर टाकलीत आणि पाठ फिरवून कामाला लागलात.  सारिका मला रिक्षापर्यंत सोडायला आली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "बाई, मी तुमच्याकडून शिकले हो. तुम्हीच म्हणायचात, भाषांतर करणाऱ्यानं स्वतःचं मध्ये घालू नये."

आठ महिने तुम्ही आला नाहीत. गुरुवारी मी दार नुसतं लोटून ठेवायचे. मनातल्या मनात तुमच्याशी भांडायचे. मी बरोबर होते, असं म्हणायचे. ते पट्टे कुणाच्या कंबरेला जाणार होते ते तुम्हाला माहीत नाही, असं म्हणायचे. मग 'तुम्हा लोकांना' हे शब्द आठवायचे आणि भांडण तिथेच थांबायचं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी कातड्याला हात लावला नव्हता. लहानपणी चांभाराकडे चप्पल दिली, की पैसे वरून त्याच्या हातात टाकताना मी वडीलधाऱ्यांना पाहिलेलं आहे. तुम्ही अकरा वर्षं माझ्या घरी चहा पीत होतात, तेव्हा ते सगळं संपलंय असं मी धरून चालले होते. कपाचा प्रश्न संपला होता, एवढंच.

मग तुम्ही आलात. गुरुवारी नाही, सोमवारी सकाळी, न कळवता. हातात एक छापील कागद. सारिकानं तुमच्या नव्या कामाचे फोटो इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली होती, ते पाहून त्या माणसानं पुन्हा लिहिलं होतं. आता शंभर हवे होते. हात बरे झाल्याबद्दल अभिनंदनही होतं.

"सारिकानं वाचून दाखवलं नाही का?" मी विचारलं.

"ती म्हणाली वाचते. मी म्हटलं, न्हाई. बाईंनीच वाचायचं." तुम्ही कागद टेबलावर ठेवलात. "एकबी शब्द गाळायचा न्हाई."

मी वाचलं. चष्मा दोनदा पुसला, पण वाचलं. आमच्या रक्ताच्या लोकांसाठी. आमच्या गावांतून बाहेरचे लोक हटवायचे आहेत, त्या मोर्चाच्या दिवशी हे पट्टे आमच्या कंबरेला असतील. रंगानं आणि वंशानं जे आमचे नाहीत, त्यांना परत पाठवल्याशिवाय थांबणार नाही. आणि खाली, आपल्या कलेबद्दल मनापासून आदर आहे. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. 

"बाहेरचे म्हणजे कोण?"

"तुम्ही. मी. उद्या सारिकाला कंपनीनं तिकडे पाठवलं तर सारिका."

"म्हणजे माझ्या हातचा पट्टा चालतोय. मी चालत न्हाई."

"हो."

तुम्ही डोळे उघडलेत. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ह्यात मला नवीन काय हाय, बाई? माझ्या बापानं शिवलेल्या चपला घालून लोकं देवळात जायची. बाप बाहेर. हे एवढं तुम्ही मला त्या दिवशी वाचून दाखवलं असतं, तर मला समजावून सांगायला लागलं असतं असं वाटलं का तुम्हाला?"

मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. 

"लिवा," तुम्ही म्हणालात. "मी सांगतो तसंच. माझे हात चांगले हायेत. कंप कधीच न्हवता. तुमचा पट्टा मी करणार न्हाई. खाली नाव घाला."

मी लिहिलं, जर्मन वाचून दाखवलं, मग त्याचं मराठी करून दाखवलं. तुम्ही स्वतःच्या बोटानं बटण दाबलंत. त्यापुढे कितीतरी दिवस मी धास्तीत होते, की काही उलट येईल, कुणी काही करेल. सारिकाला रोज विचारायचे. काहीच आलं नाही. तो माणूस गप्प बसला.

त्या दिवशी निघण्याआधी समोर बसून चहा पिताना तुम्ही विचारलंत, "पण तुम्हाला ते चक्र बघितल्या बघितल्या कसं कळलं? पत्र वाचायच्या आधीच तुमचा चेहरा उतरला होता. मी बघितलं होतं."

मी म्हटलं, "वाचनात आलं होतं कुठेतरी."

आणि तुम्ही म्हणालात, "बरं." कप बशीत ठेवलात आणि उठलात. दारात चपला घालताना सांगितलंत, "इथून पुढचे मेल सारिका बघंल." त्यानंतर दीड वर्ष आपण भेटत राहिलो, सणासुदीला, सारिकाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. माझ्या पर्सचा बंद तुटला तेव्हा तुम्ही तो मला काही न विचारता शिवून पाठवलात. बोलायचो. पण गुरुवार परत आला नाही. तुम्ही मला माफ केलं नाहीत आणि तसा आवही आणला नाहीत. ह्याचा मी मान राखते.

परवा सारिका आली होती. तुमच्या गिऱ्हाइकांना कळवायचं होतं. तिला स्वतःला लिहिता आलं असतं, पण म्हणाली, "मला जमत नाहीये. तुम्ही लिहा, मी बघते." मी चार ओळी लिहिल्या, तिला दाखवल्या. तिनं एक विशेषण काढलं, प्रतिकृती हा शब्द खोडून पट्टा केला आणि पाठवून दिलं.  लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "बाई, एक विचारू? बाबा म्हणायचे, बाईंना तिकडं काहीतरी झालेलं हाय. त्या आपणहून बोलल्या तर ऐक, पण विचारू नकोस. म्हणून कधी विचारलं नाही. आता बाबा नाहीत, म्हणून विचारते."

मग मी सांगितलं. ऐका, नामदेवराव.

बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या वर्षांत मी शिक्षकांच्या अभ्यासक्रमासाठी तिकडे होते. सुधीर, माझे यजमान, पंधरा दिवसांसाठी आले होते. पूर्वेकडच्या एका लहान गावाचं स्टेशन, भर दुपार, फलाटावर सात-आठ माणसं. तीन तरुण आमच्याजवळ आले. एकाच्या जाकिटावर ते चक्र होतं, बारा आऱ्यांचं, पत्र्याचं. ते सुधीरशी बोलायला लागले. सुधीरना जर्मनचा एक शब्द येत नव्हता. कुणी आपणहून बोलतंय म्हणून ते हसले, आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत गं?"

मला प्रत्येक शब्द कळत होता. आता ते काय करणार आहेत, हेही त्यांनी सांगितलं होतं. आणि मी म्हणाले, "काही नाही."

म्हणून सुधीर हसतच राहिले. पहिला ठोसा त्या हसण्यावर बसला.

मी ओरडायला हवं होतं. एवढी वर्षं शिकवलेली भाषा होती, फलाटावर माणसं होती. एक शब्द फुटला नाही. गाडी आली आणि ते निघून गेले. सुधीरनी पुण्यात सगळ्यांना सांगितलं, बर्फावरून घसरलो. मला त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही, की तू काही नाही का म्हणालीस. ते गेल्याला आता पंधरा वर्षं झाली.

तुमच्यासमोर ते पत्र उघडलं तेव्हा तुम्हीही हेच विचारलंत, काय म्हणतोय. ह्या वेळी तरी मी वाचवणार होते. आणि तोंडातून निघालं तेच.

सारिकानं सगळं ऐकून घेतलं. माझा हात धरला नाही, रडली नाही, तुमचीच मुलगी. पर्स खांद्याला लावत म्हणाली, "बाई, हे तुम्ही बाबांना सांगायला हवं होतं. त्यांना कळलं असतं."

हो. तुम्हाला कळलं असतं, आणि तरीही तुम्ही मला माफ केलं नसतंत. दोन्ही झालं असतं, आणि गुरुवारचा चहा झाला असता. मी तुम्हाला ते ठरवू दिलं नाही.